आयत्या वेळचे गोळे

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत अगदी तळाला एक ओळ असते : 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.' ही ओळ ज्या कोणी शोधून काढली, तो माणूस सेक्रेटरी नव्हता एवढं नक्की. तोवर सभा कशी छान चाललेली असते. मागच्या सभेचं इतिवृत्त कोणीही न वाचता मंजूर होतं. लाखांचे हिशेब 'सूचक कोण, अनुमोदक कोण' एवढ्यावर निभावतात. ऑडिटरची नेमणूक होताना निम्मी सभा वडे आले का, हे बघत असते. मग ती ओळ येते. चेअरमन खुर्ची वीतभर मागे सरकवतात, खजिनदार चष्मा काढून पुसायला घेतात आणि टेबलाशी मी एकटा उरतो.

यंदा सलामी तिसऱ्या मजल्यावरच्या नानांनी दिली.

"गच्चीवरच्या टाकीचं झाकण कोणी बदललं?"

"मी. जुनं फुटलं होतं."

"कोणाला विचारून?"

फुटताना त्यानंही कोणाला विचारलं नव्हतं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण इतिवृत्त मलाच लिहायचं असतं, म्हणून गिळलं. जुनं झाकण काळं असताना नवीन निळं का, यावर मग बराच वेळ गेला. तो विषय थंड होतोय तोवर ए-विंगच्या काकू उठल्या. त्यांच्या बाथरूमचं पाणी खालच्या घरात गळतं, ही खालच्यांची तक्रार. काकूंची तक्रार अशी की, ते लोक सारखे वर बघतातच कशाला? एका गृहस्थांनी कबुतरं फक्त त्यांच्याच गाडीवर बसतात हे फोटोंसह सिद्ध केलं आणि कमिटी काय करतेय, असा सवाल टाकला. शेवटी कैक महिन्यांचा मेन्टेनन्स थकवलेले एक सभासद उभे राहिले, 'आमच्या पैशांचं तुम्ही करता तरी काय?' असं कडाडले आणि टाळ्या घेऊन बसले. थकबाकीदारांची यादी माझ्या हातातच होती. मी ती वाऱ्यासाठी वापरली.

सभा संपल्यावर बी-विंगमधला एक तरुण सांत्वनाला आला. कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, त्यामुळे त्याला अशा गोष्टींची सवय असावी.

"काका, टेन्शन घेऊ नका. या पोस्टला फ्लॅक येणारच."

"कधी येणार? आणि ठेवायचा कुठे?" मी विचारलं. सोसायटीत जे जे म्हणून येतं ते कुठेतरी ठेवायची जबाबदारी सेक्रेटरीची असते.

तो हसला आणि निघून गेला. मला मात्र झोप येईना. आपल्यावर जे पडतंय त्याचं नाव तरी माणसाला माहीत असावं. म्हणून शोधायला बसलो, तर कळलं की फ्लॅक हा मुळात इंग्रजी शब्दच नाही. तो जर्मन आहे. आणि खरं म्हणजे तो शब्दही नाही, तोफ आहे.

जर्मन लोकांना शब्द सुटे ठेवायला आवडत नाहीत. विमान पाडायच्या तोफेला त्यांनी नाव दिलं 'फ्लीगरआबवेअरकानोनं'. फ्लीगर म्हणजे उडणारा, आबवेअर म्हणजे निवारण आणि कानोनं म्हणजे तोफ. हे नाव पूर्ण उच्चारेपर्यंत विमान बॉम्ब टाकून परत गेलेलं असणार, हे लष्कराच्याही लक्षात आलं असावं. तिन्ही तुकड्यांची सुरुवातीची अक्षरं उचलून त्यांनी सुटसुटीत 'फ्लाक' केलं, आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचं फ्लॅक झालं. त्याच चालीवर रणगाडे फोडायच्या तोफेचं नाव होतं 'पान्झरआबवेअरकानोनं', म्हणजे थोडक्यात 'पाक'. इंग्रजीनं त्या वेळी शेजारची तोफ उचलली असती, तर आज 'मंत्र्यांना विरोधकांकडून मिळाला पाक' असे मथळे आले असते आणि आपल्याकडे लोकांनी दोन तारी की एक तारी म्हणून विचारलं असतं.

इंग्रजांचा स्वतःचा शब्द नव्हता असं नाही. पहिल्या महायुद्धात ते जर्मनांच्या विमानविरोधी माऱ्याला 'आर्ची' म्हणत. जॉर्ज रोबी नावाच्या विनोदी नटाचं एक गाणं तेव्हा फार गाजलं होतं. त्यात आर्चिबाल्डला सारखं 'छे, मुळीच नाही' म्हणून झापलेलं असतं. गोळा शेजारी फुटला आणि आपल्याला लागला नाही की एक वैमानिक तेच ओरडायचा, म्हणून ते नाव पडलं म्हणे. दुसऱ्या महायुद्धात स्वतःच्या तोफांना ते 'ॲक-ॲक' म्हणू लागले, कारण तारायंत्रवाल्यांच्या बाराखडीत 'ए'ला 'ॲक' म्हणत. पण शत्रूकडून जे येतं त्याला शत्रूचंच नाव शोभतं. पहिल्याच महायुद्धात जर्मनांनी 'देव इंग्लंडला शिक्षा करो' अशी घोषणा काढून पोस्टकार्डांवरसुद्धा छापली होती. त्यातला शिक्षेसाठीचा 'श्ट्राफं' इंग्रज शिपायांनी उचलला आणि खंदकात गोळे पडले तरी 'स्ट्रेफ', वरच्या साहेबानं झाडलं तरी 'स्ट्रेफ', असं सुरू केलं. शिव्या खाताना भाषा शिकण्याची ही हौस मला फार आवडली. आमच्या सभेतून मी एवढ्या वर्षांत फक्त 'कमिटी झोपली आहे का' हे वाक्य शिकलो.

आता या तोफेचं काम कसं चाले ते बघा. जर्मनांची 88 मिलिमीटरची तोफ सगळ्यांत नावाजलेली. गोळा साधारण नऊ किलोचा. तो विमानाला जाऊन थडकावा अशी अपेक्षाच नव्हती. गोळ्यात घड्याळासारखी यंत्रणा असे. इतक्या सेकंदांनी फूट, असं सांगून त्याला वर पाठवायचं. ठरल्या उंचीवर तो फुटायचा, काळ्या धुराचा गोळा दिसायचा आणि चहूकडे लोखंडाचे तुकडे उडायचे. अडचण एवढीच की, अमेरिकन बॉम्बफेकी विमानं 25,000 फुटांवरून जात. तिथवर पोहोचायला गोळ्याला वीस-पंचवीस सेकंद लागत आणि तेवढ्यात विमान दोनेक किलोमीटर पुढे गेलेलं असे. म्हणजे विमान आहे तिथे नेम धरायचाच नाही; ते पुढे कुठे असेल त्याचा अंदाज बांधायचा आणि त्यानं मध्येच विचार बदलू नये अशी प्रार्थना करायची.

आमच्या सभासदांना हे गणित अजून जमलेलं नाही. ते मी जिथे होतो तिथे मारतात. यंदा माझ्यावर जे गोळे फुटले, त्यांतले निम्मे मागच्या सेक्रेटरीच्या काळात सुटलेले होते. लिफ्टमध्ये आरसा का लावला, हा प्रश्न घेऊन एक आजोबा आले, तेव्हा तो आरसा लागून, फुटून, पुन्हा लागूनही जमाना झाला होता.

आणि मग मला तो आकडा सापडला, ज्यानं माझी झोप परत आली. 1944 मध्ये या 88 मिलिमीटरच्या तोफांना एक विमान पाडायला सरासरी 16,000 गोळे लागत. सोळा हजार! या तोफखान्यात दहा लाखांवर माणसं कामाला होती. माणसं कमी पडली म्हणून शाळेतली पंधरा-सोळा वर्षांची मुलंही तोफांवर आणली. पुढे पोप झालेले योसेफ रात्झिंगर त्यांतलेच, म्युनिकजवळच्या तोफांपाशी होते. पुढे नोबेल मिळालेले लेखक गुंटर ग्रासही तसेच. एक पोप, एक नोबेल, दहा लाख माणसं, आणि तरी सोळा हजारांत एक. मी सभेतले प्रश्न मनातल्या मनात मोजले. या हिशेबानं मी निदान नातवंडं कर्ती होईपर्यंत सुरक्षित होतो.

सौ.ला हे उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ती माणसं वेडी होती का? लागत नाही तर मारायचं कशाला?"

बायकांचे प्रश्न नेहमी मुद्द्याचे असतात, म्हणून त्यांना सर्वसाधारण सभेत बोलू देत नाहीत, असं माझं मत आहे. (काकूंचा अपवाद.) मी पुन्हा वाचायला बसलो. तर त्या तोफांचं काम विमान पाडणं हे दुय्यमच होतं. बॉम्ब नेमका टाकायचा तर विमानाला शेवटची काही मिनिटं सरळ रेषेत, एका उंचीवर, जराही न हलता जावं लागे. नेमकं तेव्हा चहूबाजूंनी काळे गोळे फुटायला लागले की वैमानिकाचा हात हलतो. तो विमान आणखी वर नेतो, आणि वरून टाकलेला बॉम्ब कारखान्याऐवजी शेजारच्या बटाट्याच्या शेतात पडतो. विमान पडलं नाही तरी चालेल, नेम चुकला की काम झालं.

हे वाचलं आणि मला आमची सभा समजली. नानांना माझा राजीनामा नको आहे. तो मी एकदा दिला होता, तर त्यांनीच सगळ्यांत आधी "असं कसं, असं कसं" केलं. नानांना फक्त एवढंच हवं आहे की, मी थकबाकीच्या विषयावर सरळ रेषेत येऊ लागलो की माझा हात हलावा. झाकण निळं की काळं याला काही अर्थ नाही. पण त्या धुरातून मी जो वर जातो, तो थेट 'सर्व सभासदांनी सहकार्य करावे' या उंचीवर, आणि तिथून खाली कोणाचंही घर दिसत नाही.

दुसरी गंमत लंडनची. 1940 च्या सप्टेंबरात जर्मन विमानं लंडनवर रोज रात्री येऊ लागली. सुरुवातीच्या रात्री तोफा जपून उडवल्या जात होत्या, तर लोक भडकले. आपल्याकडच्या तोफा गप्प का? जनरल फ्रेडरिक पाइल हे विमानविरोधी दलाचे प्रमुख. त्यांनी तोफा शहरात आणल्या आणि हुकूम दिला, नेमबिम राहू द्या, जे आहे ते सगळं उडवा. रात्रभर असा काही दणदणाट झाला की झोपायची सोय उरली नाही. विमानं फारशी पडली नाहीत, पण सकाळी लंडनकर खूश! आपणही काहीतरी करतो आहोत, असं वाटायला आवाज पुरतो. वर गेलेलं लोखंड आपल्याच कौलांवर पडत होतं, पण त्याचं कोणाला काही नव्हतं. पोरं सकाळी उठून ते तुकडे वेचायची आणि शाळेत एकमेकांना दाखवायची. आमच्याकडेही सभेच्या दुसऱ्या दिवशी खाली कंपाउंडात पोरं 'राजीनामा द्या, राजीनामा द्या' खेळत होती. एकही पोर सेक्रेटरी व्हायला तयार नव्हतं म्हणून खेळ मोडला, हेही मी खिडकीतून पाहिलं.

पण पाइलसाहेबांच्या आठवणींत मला जे सापडलं, त्यापुढे बाकी सगळं फिकं. लंडन जळत होतं, वर विमानं घरघरत होती, आणि अशा वेळी एका स्थानिक कौन्सिलचं त्यांना पत्र आलं : तुमच्या तोफांच्या हादऱ्यांनी आमच्या घरांतली संडासाची भांडी तडकतायत, तरी तोफा दुसरीकडे हलवता आल्या तर बघा. मी ते वाचून खुर्चीतून उठलो आणि उगाच खोलीत दोन फेऱ्या मारल्या. हे पत्र मी ओळखलं. त्यावरची सही कोणाचीही असो, हस्ताक्षर ए-विंगच्या काकूंचं होतं.

या सगळ्यावर उपाय कोणी काढला नाही असं नाही. अमेरिकन हवाई दलाचे डॉक्टर माल्कम ग्रो यांच्या ध्यानात आलं की, वैमानिकांना जखमा होतात त्या बऱ्याचशा मंद वेगाच्या बारीक तुकड्यांनी. त्यांनी पोलादी पट्ट्या शिवलेलं जाकीट करून घेतलं. आणि ते बनवून दिलं विल्किन्सन स्वोर्डनं, म्हणजे आपण ज्यांच्या पात्यांनी दाढी करायचो त्यांनी. वजन नऊ-दहा किलो. काही वैमानिक ते अंगात न घालता बुडाखाली घेऊन बसत, कारण गोळा खालून येतो. अनुभवी माणसं!

इंग्रजांनी तर त्याहून नामी युक्ती केली. तोफा रडारवर नेम धरतात ना, मग रडारलाच गोंधळात टाकायचं. 1943 च्या जुलैत हॅम्बुर्गवर जाताना त्यांनी विमानांतून चांदीच्या कागदाच्या पट्ट्यांचे ढीगच्या ढीग सोडले. रडारच्या पडद्यावर एकदम हजारो विमानं दिसायला लागली आणि खालच्या तोफा कागदावर गोळे झाडत बसल्या. मौज म्हणजे ही युक्ती जर्मनांनाही आधीपासून ठाऊक होती. पण आपण वापरली तर समोरचा शिकेल, म्हणून दोघंही ती लपवून गप्प बसले होते. हे वाचल्यावर मला आमचे खजिनदार आठवले. सभा तापायला लागली की ते काही न बोलता उठतात आणि सभासदांत झेरॉक्सचे गठ्ठे वाटायला लागतात. ताळेबंद, परिशिष्ट अ, परिशिष्ट ब, सिंकिंग फंडाचा तक्ता. पुढचा अर्धा तास सभा त्या कागदांवर तुटून पडते. मी इतकी वर्षं त्यांना भोळा समजत होतो.

युद्ध संपलं, वैमानिक घरी आले, टाय लावून नोकऱ्यांना लागले आणि त्यांच्याबरोबर हा शब्दही आला. हळूहळू तो ऑफिसांत, विधिमंडळांत, वर्तमानपत्रांत शिरला आणि 1960 च्या दशकात अमेरिकेत 'फ्लॅक' म्हणजे सरळ टीकेचा भडिमार होऊन बसला. तोफा मात्र जर्मनीत राहिल्या. तोफांसाठी हिटलरनं बर्लिन, हॅम्बुर्ग आणि व्हिएन्ना इथे काँक्रीटचे जे मनोरे बांधले होते, त्यांच्या भिंती साडेतीन मीटरपर्यंत जाड. 1947 मध्ये बर्लिनचा एक मनोरा ब्रिटिशांनी वार्ताहर बोलावून, सुरुंग लावून उडवला. धूर विरला, तर मनोरा जागेवर! तो पाडायला आणखी एक वर्ष गेलं. व्हिएन्नावाले शहाणे, त्यांनी एका मनोऱ्यात मत्स्यालय काढलं. लीकेज नाही म्हणतात. कॉन्ट्रॅक्टर कोण होता, ते मला हवं आहे.

गंमत अशी की जर्मन भाषेत फ्लाक म्हणजे अजूनही नुसती तोफच. टीका झाली तर ते लोक 'फ्लाक मिळाला' म्हणत नाहीत. त्यांनी त्यासाठी उलट इंग्रजीतून 'शिटस्टॉर्म' हा शब्द घेतला, तो त्यांच्या शब्दकोशातही आहे, आणि 2018 मध्ये खुद्द चान्सलर अँगेला मर्केल यांनी भर कार्यक्रमात तो उच्चारला. या शब्दाचा मराठी अनुवाद मी करत नाही. आमच्या विषयपत्रिकेत तो 'ड्रेनेज' या सदरात येतो.

आपल्याला अर्थात कोणाकडून तोफ उसनी आणायची गरज नाही. आपण टीकेच्या फैरी झाडतो, तोफ डागतो, प्रश्नांचा भडिमार करतो. आणि एखादा वक्ता गरजायला लागला की त्याला थेट 'मुलुखमैदान तोफ' म्हणतो. ही तोफ विजापुरात असली तरी ओतलेली आपल्या अहमदनगरची, 1549 ची. ती डागल्यावर गोलंदाज बाजूच्या पाण्याच्या हौदात उडी मारायचा, कान फुटू नयेत म्हणून, असं सांगतात. पुढे 1854 मध्ये कंपनी सरकारनं या तोफेचा लिलाव मांडला, तर बोली आली दीडशे रुपये! शेवटी लिलावच रद्द केला. मोठमोठ्या वक्त्यांनी ही दीडशे रुपयांची गोष्ट माहीत करून घ्यायला हरकत नाही. मला मात्र त्या हौदाचं जास्त वाटतं. आमच्या सभागृहाला हौद नाही आणि जी टाकी आहे तिच्या झाकणाचा वाद चालू आहे.

टॉम वुल्फ नावाचा एक खट्याळ अमेरिकन लेखक होता. त्याच्या 1970 च्या पुस्तकात सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीतली एक असामी भेटते. लोक मोर्चा घेऊन, आरडाओरडा करत येतात तेव्हा साहेब गावाला गेलेले असतात आणि हा माणूस समोर बसलेला असतो. त्याच्या हातात काहीही नसतं. फ्लॅक झेलणं हेच त्याचं काम, त्याचाच त्याला पगार. वुल्फनं त्याला नावही तेच दिलं, फ्लॅक झेलणारा. पगार हा शब्द मी दोनदा वाचला.

असा माणूस प्रत्यक्ष बघायचा योगही लवकरच आला. पाण्याचं प्रेशर कमी झालं म्हणून आमचं शिष्टमंडळ पाणीखात्याच्या कचेरीत गेलं. तोफखान्याचे प्रमुख अर्थातच नाना. टेबलामागे एक पन्नाशीचे गृहस्थ, पुढ्यात फायली, टाचण्यांची डबी आणि झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास. नानांनी दारातूनच सुरुवात केली. टँकरचा खर्च, भरलेली पाणीपट्टी, त्यांच्या लहानपणी चोवीस तास येणारं पाणी, लोकशाही, मग पुन्हा टँकर. ते गृहस्थ मान किंचित तिरकी करून ऐकत होते. मधूनच "बरोबर आहे तुमचं" म्हणत होते. नाना दम घ्यायला थांबले की टाचण्यांची डबी इकडची तिकडे करायचे. एक गोळा म्हणून लागत नव्हता.

"साहेब कुठायत?" नाना शेवटी गरजले.

"साइटवर."

"कधी येतील?"

"अर्ज दिलाय का? तीन प्रती लागतात. इनवर्डला द्या, शिक्का घ्या."

नाना अर्ज लिहायला बाहेरच्या बाकावर गेले, बाकीचे त्यांना मुद्दे सुचवायला गेले. मी तिथेच घुटमळलो. गृहस्थांनी मला नीट न्याहाळलं.

"तुम्ही बोलला नाहीत काही. सेक्रेटरी का?"

मी मान हलवली.

"बसा," ते म्हणाले आणि शिपायाला दोन चहा सांगितले. "मीही आहे. आमच्या सोसायटीचा. परवाच एजीएम झाली."

"कशावरून?" मी विचारलं.

"आमच्याकडे गेटचा रंग."

नाना तिसरी प्रत लिहून परत येईपर्यंत आम्ही लिफ्टच्या मेन्टेनन्सचं कंत्राट कोणाला द्यावं इथवर पोहोचलो होतो.